हुबेहूब आर-टू, पण नेमका कोणासारखा?

मागच्या आठवड्यात भाचीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या एका इस्पितळाचा लहान मुलांचा वॉर्ड. दारातून कमरेएवढ्या उंचीचा एक निळा-पांढरा डबा सरकत आत आला, त्याचा चंदेरी घुमट गर्रकन फिरला, लांबलचक शिट्टी वाजली, आणि सलाइन लावलेला एक मुलगा उशी सोडून उठून बसला. भाचीने विचारले, "मामा, हा खरा आहे का? याच्यात एआय आहे ना?"

रोज कुठल्या ना कुठल्या यंत्रमानवाची बातमी येते, तेव्हा असा प्रश्न पडणारच. त्यातल्या एआयच्या भागाचे उत्तर सोपे आहे: नाही, यात एआय नाही. जवळच उभा असलेला एक माणूस हातातल्या छोट्या रिमोटने सगळे चालवत असतो. पण "खरा आहे का?" याचे उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. तेच इथे जरा नीट मांडतो.

## हा आर-टू कोण?

आर-टू-डी-टू हे 'स्टार वॉर्स' या १९७७ च्या अमेरिकी चित्रपटातले पात्र. उंची एक मीटरच्या जरा वर, पिंपासारखे धड, दोन्ही बाजूंना जाड पाय, वर अर्धगोल घुमट. पहिली रेखाटने राल्फ मॅकक्वेरी या चित्रकाराची. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, आणि माणसांच्या भाषेतला एक शब्दही तो कधी बोलत नाही. तरी तो घाबरला, रुसला किंवा खूश झाला की पाहणाऱ्याला लगेच कळते.

जगभरात हजारो माणसे घरच्या गॅरेजमध्ये, गच्चीवर, स्वयंपाकघराच्या टेबलावर हा आर-टू बनवतात. त्यांत अभियंते आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त लोक आहेत. १९९९ मध्ये डेव्ह एव्हरेट या ऑस्ट्रेलियन हौशी माणसाने अशा मंडळींना एकत्र आणले आणि 'आर-टू बिल्डर्स क्लब' उभा राहिला. एक आर-टू पूर्ण व्हायला दोन वर्षे लागली तर लवकर झाला म्हणायचे. काहींचे दहा-दहा वर्षे चालते.

आपल्याकडे दिवाळीत मुलांसाठी म्हणून किल्ला करायला घेतात आणि दुसऱ्या दिवशी बाबाच बुरुजाचा उतार बरोबर आला का म्हणून फोटो शोधत बसतात. तोच ध्यास इथे वर्षानुवर्षे पुरतो.

## मूळ आर-टू रोबो नव्हताच

पहिल्या चित्रपटात एकटा, सगळे काही करणारा आर-टू कधीच नव्हता.

दोन पायांवर उभा, डोलणारा, पाय आपटणारा आर-टू दिसतो, तेव्हा आत केनी बेकर हा ब्रिटिश कलाकार बसलेला असे. त्याची उंची ११२ सेंटीमीटर. अंगाभोवती डबा, वर घुमट, आणि आतून तो सगळा डोलारा हलवायचा. तीन पायांवर सरकत जाणारा आर-टू दिसतो, तो वेगळा. तो रिमोटवर चालणारा, रिकामा. मार्च १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झाले तेव्हा या रिमोटच्या आर-टूने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. रेडिओचा संदेश मध्येच बिघडे, गाडा भलतीकडे जाई, वाळूत रुते. काही दृश्यांत त्याला चक्क तारेने ओढावे लागले.

म्हणजे पडद्यावरचा 'एक' आर-टू हा अनेक अपुऱ्या वस्तूंची बेरीज होता. चालणारा वेगळा, डोलणारा वेगळा, नुसता उभा राहणारा वेगळा. संकलनाच्या टेबलावर ते सगळे एकत्र आले आणि आपल्या डोळ्यांनी त्यांचा एक जीव केला.

हौशी माणसाचे आव्हान इथून सुरू होते. त्याला अशी एक वस्तू बनवायची आहे, जी एकटीच ते सगळे करील. मूळ वस्तूने जे कधी केले नाही, ते प्रतिकृतीने करायचे.

## मग 'हुबेहूब' म्हणजे कोणासारखे?

प्रतिकृती करायची तर मूळ हवे. पुतळ्याची प्रतिकृती करताना पुतळा समोर असतो. इथे समोर काय ठेवणार?

१९७७ च्या चित्रपटासाठी बनलेले आर-टू एकमेकांशीही तंतोतंत जुळत नव्हते. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी टोनी डायसन यांच्या ब्रिटनमधल्या कार्यशाळेने नवे बनवले. पुढच्या प्रत्येक चित्रपटात कुठे एखादी खाच बदलली, कुठे रंगाची छटा, कुठे दिवे. भाग एकातून काढून दुसऱ्याला लावले गेले. २०१७ मध्ये अमेरिकेत एका आर-टूचा लिलाव २७ लाख ६० हजार डॉलरना झाला, तोसुद्धा वेगवेगळ्या चित्रपटांत वापरलेले भाग जमवून उभा केलेला होता.

त्यामुळे या छंदातले जाणकार "तू आर-टू बनवतोयस का?" एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न असतो, "कुठल्या चित्रपटातला?" गावाकडे "गणपती आणलास?" नंतर "शाडूचा की पीओपीचा, बैठा की उभा?" असे विचारतात ना, तसे.

निळ्या रंगाचेच घ्या. पहिल्या चित्रपटात अंतराळातल्या लढाईच्या काही दृश्यांत आर-टूच्या घुमटावरची निळी पाती काळी दिसतात. कारण ती दृश्ये निळ्या पडद्यासमोर चित्रित झाली होती. निळा पडदा काढून तिथे तारे दाखवायचे, तर पडद्याबरोबर आर-टूवरचा निळाही मार खाणार. मग घरी बनवताना रंग कोणता द्यायचा, डोळ्याला दिसतो तो की वस्तूवर होता तो? शिवाय तो निळा मुळात साध्या ऑइलपेंटसारखा सपाट नव्हता. चकचकीत पृष्ठभागावर पारदर्शक निळ्याचे हात मारल्यासारखा, उजेड बदलला की जांभळ्याकडे झुकणारा. या एका छटेवर माणसांनी महिनोन्महिने नमुने रंगवून पाहिले आहेत. मला यात वेडेपणा दिसत नाही. जुन्या भित्तिचित्राची डागडुजी करणारा माणूस रंग जुळवताना जे करतो, तेच हे.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९८३ च्या चित्रपटातला एक आर-टू जपून ठेवला आहे. असे अस्सल नमुने प्रदर्शनांतून दिसले की हौशी लोक फोटो काढत, कडा मोजत, फोटोंची तुलना करत, आणि त्यातून मापांचे नकाशे तयार होत गेले. घुमटाचा व्यास अठरा इंचांच्या आसपास, हे आज कुणीही सांगेल. पण सुरुवातीला तेही कुणीतरी पडद्यावरच्या आकृतीवरून हिशेब मांडूनच काढले होते.

## भंगारातून आलेले डोळे

मूळ आर-टूच्या अंगावरच्या अनेक गोष्टी मुद्दाम घडवलेल्या नव्हत्या. पहिल्या चित्रपटाचे सेट सजवणारे रॉजर क्रिश्चन हे हाताशी पैसा कमी म्हणून विमानांचे भंगार आणत आणि त्यातून जे सापडेल ते वापरत. आर-टूच्या घुमटावर जे फिरते नेत्रासारखे भाग आहेत, ते व्हायकर्स व्हायकाउंट या जुन्या प्रवासी विमानात प्रवाशांच्या डोक्यावर असलेल्या वाचनाच्या दिव्यांपासून आले. पुढे या कामासाठी क्रिश्चन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्कर मिळाले.

अशा भागांना छंदातले लोक 'फाउंड पार्ट' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच कामासाठी बनलेली, पण इथे बसवलेली वस्तू. तो मूळ भाग ओळखू येणे हा मोठा शोध असतो. कुणीतरी जुन्या विमानाचा फोटो पाहताना अचानक थबकतो: अरे, हा तर आर-टूचा डोळा! मग जगात कुठे कुठे अशी विमाने मोडीत निघाली, त्याचा माग सुरू.

सगळ्यांना विमानाचे भंगार मिळणार नाही. मग ज्याच्याकडे लेथ आहे तो एकदम पन्नासेक भाग कातून काढतो आणि ज्यांनी आधी नाव नोंदवले त्यांना खर्चाच्या आसपास देतो. याला 'पार्ट रन' म्हणतात. सोसायटीत सगळ्यांनी मिळून कोकणातून आंब्याच्या पेट्या मागवाव्यात, तसा हा व्यवहार आहे.

## चाल, मान आणि तिसरा पाय

आता यंत्राकडे येऊ. इथे तीन कोडी आहेत. पहिली दोन सुटतात, तिसरे भल्याभल्यांना घाम फोडते.

चाल सगळ्यांत सोपी. डाव्या-उजव्या पायाच्या तळाशी एकेक मोटर, बहुधा विजेच्या स्कूटरची किंवा व्हीलचेअरची. मधल्या पायाखाली नुसते मोकळे फिरणारे चाक. वळायचे कसे? ट्रॅक्टरला डावा-उजवा वेगळा ब्रेक असतो. शेतात कोपऱ्यावर एका बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. आर-टूचेही तसेच. एक मोटर हळू, दुसरी जोरात.

मान म्हणजे घुमट. तो सतत, कितीही वेळा फिरला पाहिजे. घुमटात दिवे आहेत, झाकणे उघडणाऱ्या छोट्या मोटरी आहेत, म्हणजे वायरी खालून वर जाणारच. घुमट चार वेळा एकाच दिशेने फिरला की वायरींना विहिरीच्या दोरासारखा पीळ बसणार आणि शेवटी तुटणार. उपाय म्हणजे 'स्लिप रिंग'. फिरणाऱ्या भागावर धातूची कडी असतात आणि स्थिर भागातले ब्रश त्यांना टेकून राहतात. कडे फिरते, ब्रश टेकलेलाच असतो, वीज चालू राहते. जत्रेतला आकाशपाळणा फिरत असताना त्यावरचे दिवे पेटलेले राहतात, तिथेही अशीच सोय असते.

आणि तिसरा पाय. चित्रपटात आर-टू दोन पायांवर ताठ उभा असतो, मग पोटातून मधला पाय बाहेर येतो, धड साधारण १८ अंश मागे झुकते आणि तो तीन पायांवर पळू लागतो. पडद्यावर हे दोन शॉटच्या मधल्या कटमध्ये लपवता येते. खऱ्या वस्तूला कट नसतो.

सायकलचे स्टँड आठवा. स्टँड पूर्ण खाली येण्याआधी हात सोडला तर सायकल आडवी. इथे ती सायकल कित्येक किलोंची, वर घुमट असल्यामुळे डोक्याकडून जड, आणि हात लावायला कुणी नाही. मधला पाय जमिनीला टेकणे आणि धड झुकणे यांचा मेळ क्षणाचाही चुकला तर आर-टू तोंडावर पडतो. म्हणून आत ठिकठिकाणी लिमिट स्विच बसवतात. फ्रीजचे दार लावले की आतला दिवा विझवणारे जे छोटे बटण असते, तेच. पाय शेवटपर्यंत गेला की बटण दाबले जाते, तेव्हाच पुढची मोटर सुरू होते. खांद्यातल्या सांध्याला खीळ हवी, नाहीतर चालताना धड हळूहळू सरकते. फरशीचा एखादा मिलिमीटर उंच-सखलपणाही लक्षात घ्यावा लागतो.

हे जमलेला आर-टू पहिल्यांदा उभा राहतो, तो क्षण लोक व्हिडिओत टिपतात. पाय आत जातो, धड सरळ होते, आणि बनवणाऱ्याचे दोन्ही हात हवेत तयार असतात, न टेकता, पडलाच तर झेलायला. चालायला शिकणाऱ्या मुलामागे आई हात पसरून उभी असते, अगदी तसे.

## बोलतो कोण?

आर-टूचा आवाज बेन बर्ट या ध्वनिकाराने घडवला. एआरपी २६०० या सिंथेसायझरच्या शिट्ट्या होत्या, पण नुसत्या यंत्राच्या आवाजाला जीव येईना. मग बर्ट यांनी बोलायला न लागलेल्या बाळासारखे स्वतःच्या तोंडाने आवाज काढले आणि ते यंत्राच्या आवाजात मिसळले. आर-टूचे म्हणणे शब्दांशिवाय कळते, त्याचे गमक तिथे आहे. त्या शिट्टीत माणूस आहे.

घरच्या आर-टूत हे आवाज एका छोट्या कार्डात साठवलेले असतात. रिमोटच्या एका बटणावर आनंद, दुसऱ्यावर भीती, तिसऱ्यावर कुरकुर. समोरचे मूल काय म्हणाले ते ऐकून चालवणारा बटण निवडतो, त्याच क्षणी घुमट मुलाकडे वळवतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे कळसूत्री खेळ पाहिलेल्याला हे लगेच कळेल. सूत्राच्या जागी रेडिओलहरी आल्या, पण बाहुलीत जीव ओतणारा सूत्रधार तोच. चांगला चालवणारा गर्दीत असा उभा राहतो की त्याच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

## "आता थ्रीडी प्रिंटर आहे, मग अवघड काय?"

हा आक्षेप रास्त आहे. पूर्वी ॲल्युमिनियम कापणे, लाकूड तासणे, प्लास्टिकच्या शीट चिकटवणे याशिवाय मार्ग नव्हता. आता वितळलेल्या प्लास्टिकचे थर एकावर एक चढवणाऱ्या घरच्या प्रिंटरवर सगळा आर-टू छापता येतो आणि खर्चही बराच उतरतो. त्यामुळे हा छंद भारतातल्या मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला, हे मला फार मोलाचे वाटते.

पण छापणे म्हणजे शेकडो तास. आणि छापून निघालेल्या भागावर बारीक थरांच्या रेषा असतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. माझ्या टेबलावर आत्ता घुमटावरचा एक 'डोळा' पडला आहे, लिंबाएवढा. त्याला मी तीन वेळा लांबी भरली, तीन वेळा पॉलिश पेपर मारला, तरी तिरप्या उजेडात रेषा दिसतेच. चौथा हात बाकी आहे. अशा शंभराहून अधिक भागांचा एक आर-टू होतो.

आपल्याकडच्यांसाठी एक सूचना. छपाईला सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या सुमारास मऊ पडू लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढा ताप सहज होतो. नागपूर-अकोल्याकडे राहत असाल तर पाय आणि सांधे तरी पीईटीजीसारख्या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे करा.

## कायदा आडवा येत नाही का?

आर-टूचे हक्क लुकासफिल्म कंपनीकडे आहेत आणि २०१२ पासून ती कंपनी डिस्नेची. दुसऱ्याच्या मालकीचे पात्र घरी बनवणे कसे चालते?

व्यवहारात कंपनीने हौशी मंडळींना सांभाळून घेतले आहे. ही मंडळीही एक पथ्य पाळतात: तयार आर-टू विकून नफा कमवायचा नाही. गावातल्या तळ्यावर पोहायला मालक हरकत घेत नाही, पण कुणी तिथे तिकीट लावून जलतरण तलाव सुरू केला तर घेईल. समजूत अशी आहे. मात्र समजूत म्हणजे लेखी हक्क नव्हे, हे विसरू नये.

नफ्यासाठी विकायला गेले की काय होते, याचा गाजलेला खटला याच चित्रपटातल्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हेल्मेटचा. अँड्र्यू एन्सवर्थ यांनी मूळ हेल्मेटे बनवली होती आणि पुढे ते त्यांच्या प्रतिकृती विकू लागले. अमेरिकेतल्या न्यायालयाने २००६ मध्ये त्यांच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा निकाल दिला. ब्रिटनमध्ये प्रश्न वेगळ्या वळणावर गेला: हेल्मेट हे 'शिल्प' आहे का? शिल्प असेल तर लेखकाच्या हक्कासारखे दीर्घ संरक्षण, नसेल तर औद्योगिक रचनेला मिळते तेवढे थोड्या वर्षांचे. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हेल्मेट हे शिल्प नव्हे, चित्रपटात घालायची वापराची वस्तू आहे. एकच वस्तू, दोन देश, दोन उत्तरे. म्हणून परदेशातला निकाल वाचून भारतात कुणी विक्रीचे दुकान मांडू नये. घरापुरते बनवणे आणि विकणे यांतली रेघ ओलांडण्याआधी वकिलाला विचारावे.

## प्रतिकृती करणारेच मूळ बनवतात तेव्हा

जुलै २०१३ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात 'स्टार वॉर्स'प्रेमींचा मेळावा भरला होता. तिथे हौशी मंडळींनी आपापले आर-टू मांडले होते. लुकासफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी ते पाहायला आल्या. नव्या चित्रपटाची तयारी तेव्हा सुरू होती. तिथल्या मंडळींनी हसतहसत सांगितले, आर-टू लागला तर आम्ही आहोत. केनेडींनी ते मनावर घेतले. ली टॉवर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन ब्रिटिश हौशी कारागिरांना बोलावणे आले आणि २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'साठी आर-टू त्यांनी बनवला.

भाचीला मी हेच सांगत होतो. "खरा आहे का?" असे तू विचारतेस, पण त्या चित्रपटातला 'खरा' आर-टू तर प्रतिकृती करणाऱ्यांच्या हातचा आहे. कंपनीकडे जुने भाग होते, पण मूळ बनवणारे पांगले होते, काही वारले होते. प्रत्येक खाचेचे माप, प्रत्येक भागाचा उगम आणि बिघाडाची प्रत्येक तऱ्हा ज्यांना पाठ होती, ती माणसे गॅरेजमध्ये बसली होती. त्यांनी कुणी न मागता, पगार न घेता वर्षानुवर्षे हे ज्ञान जपले. संग्रहालयात वस्तू जपली जाते, ती कशी करायची हे जपायला करणारे हात लागतात.

## गुलाबी आर-टू

'स्टार वॉर्स'च्या सैनिकांचे पोशाख घालून इस्पितळांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत जाणारी 'फाइव्ह-ओ-फर्स्ट लिजन' ही संघटना अल्बिन जॉन्सन या अमेरिकी गृहस्थांनी १९९७ मध्ये सुरू केली. पुढे त्यांच्या केटी या लहान मुलीला मेंदूचा कर्करोग झाला. आपल्या उशापाशी राखण करायला एक आर-टू हवा, असे तिला वाटत होते.

आर-टू बनवणाऱ्यांना हे कळले, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी गुलाबी आर-टू करायला घेतला. नाव ठरले आर-टू-के-टी. पण आर-टू दोन-चार आठवड्यांत होत नाही, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणून एका सदस्याने आपल्याच आर-टूला गुलाबी रूप दिले आणि जुलै २००५ मध्ये तो तिच्या भेटीला आणला. तिने त्याला मिठी मारली. ऑगस्टमध्ये केटी गेली. तिच्या नावाची आर-टू-के-टी पुढच्या वर्षी पूर्ण झाली आणि त्यानंतर कितीतरी मुलांच्या वॉर्डांत जाऊन आली.

'द फोर्स अवेकन्स'मध्ये एका तळावरच्या गर्दीत मागे गुलाबी आर-टू दिसते. ते पात्र म्हणजेच आर-टू-के-टी. मी भाचीला ते दृश्य थांबवून दाखवले. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिले, आणि मग माझ्या टेबलावरचा तो लिंबाएवढा डोळा उचलून विचारले, "याला चौथा हात मी मारू?"